खचितकाम : भारतीय लाकडी सामानातील एका कलेचा इतिहास

मराठीतील ‘खचित’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ‘रत्नखचित’ या समासात त्याचा अर्थ ‘जडवलेले, बसवलेले’ असा असतो, तर ‘हे खचित घडेल’ या वाक्यात तो निश्चितपणा दर्शवतो. जे पक्के बसले आहे ते हलत नाही आणि जे हलत नाही ते निश्चित, अशी या शब्दाची वाटचाल झाली असावी. लाकडात हस्तिदंत, शिंपला, धातूची तार किंवा वेगळ्या रंगाचे लाकूड बसवून नक्षी उमटवण्याच्या कलेला यांतील पहिला अर्थ उघडच लागू पडतो. तीन-चारशे वर्षांपूर्वी भारतीय कारागिरांनी घडवलेल्या पेट्या, कपाटे आणि खुर्च्या आज देशोदेशींच्या संग्रहालयांत उभ्या आहेत. त्यांच्या अंगावरचे पुष्कळ तुकडे अद्याप आपापल्या खाचांत घट्ट आहेत. त्यांच्या कर्त्यांविषयी मात्र तेवढ्या निश्चितपणे काही सांगता येत नाही.

या वस्तूंना दिली गेलेली नावे पाहिली, तर ही उणीव लगेच लक्षात येते. ‘भारत-पोर्तुगीज’ किंवा ‘अँग्लो-इंडियन’ ही नावे वस्तू कोणासाठी घडली ते सांगतात. ‘बॉम्बे बॉक्स’ किंवा ‘विजागापट्टम काम’ ही नावे माल कोणत्या बंदरातून बाहेर पडला ते सांगतात. घेणारा आणि बंदर या दोघांच्या मध्ये जो बसून काम करीत होता, तो या नामकरणात कोठेच नाही. कलेचा इतिहास सामान्यतः याच दोन टोकांनी लिहिला गेला आहे : एकीकडे आश्रयदाता, दुसरीकडे मौल्यवान द्रव्य. प्रस्तुत लेखात हा इतिहास शक्य तेवढा कामाच्या बाजूने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. तसे वाचल्यास असे दिसते की, या कलेत वस्तूचा आकार पुष्कळदा परका होता, द्रव्यही अनेकदा दूरदेशीचे होते आणि दोन्ही वारंवार बदलत गेली. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले गेले ते बसवण्याचे कसब.

प्रथम हे कसब नेमके काय आहे ते पाहणे इष्ट ठरेल. लाकडावर नक्षी उमटवण्याच्या या पद्धतींचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्यात भरीव लाकडात पटाशीने उथळ खाच कोरून त्या खाचेच्याच आकाराचा तुकडा तिच्यात बसवतात. हे खरे खचितकाम होय. दुसऱ्यात पातळ पापुद्रे किंवा पत्रे साध्या लाकडाच्या संपूर्ण पृष्ठभागावर चिकटवतात, त्यामुळे खालचे लाकूड दिसतच नाही. तिसऱ्या प्रकारात निरनिराळ्या द्रव्यांच्या बारीक काड्या एकत्र जुळवून, बांधून आणि चिकटवून त्यांची एक जुडी करतात व तिचे आडवे पातळ काप काढतात. प्रत्येक कापावर तीच भौमितिक आकृती उमटलेली असते. असे काप शेजारी शेजारी लावले की पृष्ठभागावर अखंड नक्षी तयार होते.

यांतील पहिला प्रकार दिसायला सोपा आणि करायला कठीण आहे. लाकूड निर्जीव झाले तरी स्थिर होत नाही. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि हे फुगणे-आकसणे रेषांच्या दिशेने कमी व आडवे अधिक असते. हस्तिदंताची किंवा पितळेची चाल लाकडाबरोबर नसते. खाच सैल राहिली तर तुकडा निखळतो, फार घट्ट झाली तर लाकूड तडकते किंवा तुकडा वर उचलला जातो. सरस हा आधार असला तरी दमट हवेत तो दगा देतो. म्हणून जुन्या कामात काही ठिकाणी तुकडे बारीक खिळ्यांनीही अडकवलेले दिसतात. जुने, नीट सुकलेले लाकूड निवडणे, त्याच्या रेषा ओळखणे, खाचेची कड सरळ ठेवणे आणि तुकडा किंचित उंच ठेवून मग कानशीने सपाट करणे, या साऱ्या गोष्टी हाताने हाताला शिकवल्या जातात. त्या लिहून ठेवण्याची रीत नव्हती, तशी गरजही नव्हती.

या कलेचे प्राचीन अवशेष अल्प आहेत, कारण लाकूड कुजते आणि जळते. लिखित पुरावा सोळाव्या शतकाच्या आरंभापासून मिळू लागतो आणि तो आपल्याला प्रथम गुजरातकडे नेतो. वास्को द गामा दुसऱ्या सफरीत, १५०२ मध्ये, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी येथे पोहोचला, तेव्हा तेथील राजाने त्याला खंबायतचा एक पलंग भेट दिला. त्यावर सोने आणि शिंपला यांचे काम होते, असे गास्पार कोरेया हा पोर्तुगीज वृत्तांतकार सांगतो. ही नोंद छोटी असली तरी तिचे महत्त्व मोठे आहे. पोर्तुगिजांनी गुजरातच्या कारागिरांना काम दिले, त्याच्या आधीच त्या कारागिरांचा माल अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या राजदरबारात पोहोचला होता. युरोपीय आश्रयामुळे ही कला जन्मली, हा समज या एका पलंगाने दूर व्हावा.

त्यानंतरचे प्रवासीही हेच सांगतात. दुआर्ते बार्बोसा याने १५१८ च्या सुमारास खंबायतच्या हस्तिदंती कामाची वाखाणणी केली. यान हायखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंध प्रांतात शिंपल्याच्या जडावाची मेजे, कपाटे, पेट्या आणि असंख्य लहानसहान वस्तू तयार होतात आणि पोर्तुगीज जहाजे माल भरण्यासाठी येण्याच्या सुमारास त्या गोवा व कोची येथे आणल्या जातात, असे त्याने नोंदवले आहे. या वर्णनावरून बाजारपेठेची घडी लक्षात येते. सिंधमधील कारागिराचे वर्ष पोर्तुगीज जहाजांच्या वेळापत्रकाशी बांधले गेले होते. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने हस्तिदंत, शिंपला, सोने आणि चांदी यांनी मढवलेल्या, जर्मन धर्तीच्या खणांच्या कपाटांचा उल्लेख खंबायतच्या मालात केला आहे. म्हणजे नमुना जर्मनीचा, घडण गुजरातची, बाजार गोव्याचा आणि ग्राहक लिस्बनचा, अशी एकेका कपाटाची वंशावळ होती.

अशा कपाटाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. समोरची फळी खाली उघडली की तिचेच लिहिण्याचे मेज होई, आत लहानमोठे खण असत आणि दोन्ही बाजूंना उचलण्यासाठी कड्या असत. व्यापारी, अधिकारी आणि धर्मोपदेशक यांच्या प्रवासी जीवनाला ती सोयीची होती. भारतीय घराला या वस्तूची परंपरा नव्हती. आपल्याकडे बैठक जमिनीवर होती. पाट, चौरंग, पलंग, संदूक आणि फडताळ एवढ्यांत घराचे लाकडी सामान संपत असे. तेव्हा हा आकार कारागिराने बाहेरून घेतला, यात शंका नाही. परंतु त्याच्या पृष्ठभागावर घोडेस्वार, शिकारी, पक्षी आणि डोलणारी झाडे आली ती त्याच्या ओळखीच्या चित्रजगतातून. घेणाऱ्याने माप आणि खणांची संख्या ठरवली असेल. घोड्याच्या मानेचा डौल ठरवायला तो तेथे नव्हता.

हे काम केवळ परदेशी गिऱ्हाइकासाठीच होत होते, असेही नाही. दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या कबरीवर शिंपल्याच्या कामाची लाकडी छत्री आहे. ती फरीद खान या मोगल उमरावाने १६०८-०९ च्या सुमारास अर्पण केली. फत्तेपूर सिक्री येथे शेख सलीम चिश्ती यांच्या कबरीवरील छत्रीही शिंपल्याच्या तुकड्यांनी मढवलेली आहे. लिस्बनच्या सरदाराचे मेज आणि दिल्लीच्या सुफी संताची छत्री ही एकाच प्रकारच्या कसबाची फळे आहेत. तरी पहिले ‘भारत-पोर्तुगीज’ म्हणून एका दालनात जाते आणि दुसरी ‘इस्लामी वास्तुकला’ म्हणून दुसऱ्या ग्रंथात. वर्गीकरणाच्या सोयीसाठी ओढलेली ही रेघ कारागिराच्या पाटावर कधीच नव्हती.

गोव्यात मात्र या कलेने वेगळे वळण घेतले. येथे सतराव्या शतकात सागवानी लाकडात आबनूस बसवून केलेली मोठी कपाटे तयार होऊ लागली. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘कोंतादोर’ म्हणतात. फिक्या सागावर काळ्या आबनुसाची एकमेकांत गुंतलेली वर्तुळे आणि तारका, मधूनमधून हस्तिदंताचे ठिपके, कुलपांभोवती धातूची जाळीदार नक्षी, असे त्यांचे स्वरूप असते. चर्चमधील वस्त्रे ठेवण्याच्या कपाटांवरही अशा प्रकारचे काम आढळते. गुजराती कामातील प्राणी आणि स्वार येथे जवळजवळ नाहीसे होतात आणि भूमिती पुढे येते.

या कपाटांचे पाय विशेष पाहण्यासारखे आहेत. ते पुष्कळदा स्त्रीच्या धडाच्या आणि शेपटीच्या आकृतीत कोरलेले असतात. पाश्चात्त्य अभ्यासकांना त्यांत जलपरी दिसली, काहींनी त्यांना नागिणी म्हटले. भूमीखाली राहून भार पेलणारा आणि ठेव्याचे रक्षण करणारा नाग ही कल्पना कोकणपट्टीतील सुताराला नवी नव्हती. दर्यावर्दी पोर्तुगिजांना जलपरी ओळखीची होती. कदाचित घडवणाऱ्याने नागीण कोरली आणि विकत घेणाऱ्याने जलपरी विकत घेतली. दोघांपैकी कोणाचाही अर्थ खोटा म्हणण्याचे कारण नाही, परंतु इतिहासात प्रथम नोंदला गेला तो घेणाऱ्याचा.

पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणम येथे हाच प्रश्न निराळ्या रूपात समोर येतो. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्या परिसरात डच आणि इंग्रज वखारींचा वावर वाढला. जवळचे भिमुनिपट्टणम हे डचांचे ठाणे होते. १७५६ मध्ये मेजर जॉन कॉर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने विशाखापट्टणमचे नाव तेथील छिटाच्या कापडाबरोबरच हस्तिदंती जडावकामासाठी घेतलेले आढळते. या दोन गोष्टी त्याने एकत्र सांगितल्या, हे सूचक आहे. विशाखापट्टणमच्या खुर्च्या आणि कपाटे यांच्या कडांवरून धावणाऱ्या फुलांच्या वेली पाहिल्या की कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगीत कापडाची आठवण होते. कापडावर कलमाने काढलेली वेल लाकडात हस्तिदंताने उतरली. माध्यम बदलले तरी किनारा एकच होता.

येथील पद्धत अशी. शिसवी किंवा आबनुसासारख्या गडद लाकडात हस्तिदंताचे तुकडे बसवायचे, त्यांवर बारीक रेघा कोरायच्या आणि त्या रेघांत काळी लाख भरून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. त्यामुळे दुरून पांढरे फूल दिसते आणि जवळ गेल्यावर पाकळीची शीर दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंताचे पत्रे संपूर्ण पृष्ठभागावर चढवण्याची रीत वाढली आणि त्यांवर इंग्रजी छापील चित्रांवरून घेतलेल्या इमारतींची दृश्ये कोरली जाऊ लागली. लाकडाशी असलेला संवाद येथे कमी झाला. हस्तिदंत दिसू लागला, लाकूड झाकले गेले.

मद्रासचे गव्हर्नर अलेक्झांडर विंच यांच्याकडे अशा हस्तिदंती सामानाचा संच होता. १७८१ मध्ये इंग्लंडात त्यांच्या मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा तिसऱ्या जॉर्ज राजाने तो राणी शार्लट हिच्यासाठी विकत घेतला. त्यातील खुर्च्या आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत. या खुर्च्यांचा मालकीइतिहास विंचपासून आजपर्यंत सांगता येतो. कोणत्या वर्षी, कोणत्या लिलावात, कोणत्या राणीसाठी त्या घेतल्या गेल्या, हे सारे नोंदलेले आहे. त्या कोणी घडवल्या, हे मात्र नोंदलेले नाही. तेलुगू प्रदेशातील कम्साली या कारागीर समाजाकडे हे काम असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. समाजाचे नाव तर्काने गाठता येते, माणसाचे नाव तर्काच्याही पलीकडे राहते.

तिसऱ्या पद्धतीचे, म्हणजे काड्यांच्या जुडीतून काप काढण्याचे काम पश्चिम भारतात ‘सादेली’ या नावाने ओळखले जाते. इराणमधील शिराझ येथील ‘खातम’ या कामाशी त्याचे साम्य स्पष्ट आहे आणि ते सिंधमार्गे गुजरातेत व पुढे मुंबईस आले, अशी परंपरा सांगितली जाते. हस्तिदंत, हाड, कथील, आबनूस आणि हिरवा रंग दिलेले सांबरशिंग यांच्या त्रिकोणी, चौकोनी व षट्‌कोनी काड्या जुळवून जुडी तयार करीत. तिचे काप चंदनी पेटीवर लावीत. लहानशा पेटीवर असे शेकडो तारकांचे जाळे पसरलेले असे. सुरतेच्या पारशी समाजात या कामाची परंपरा होती आणि ‘पेटीगारा’ हे आडनाव आजही तिची साक्ष देते. नामकरणाच्या या साऱ्या इतिहासात व्यवसायाने कर्त्याला दिलेले हे एक नाव टिकून राहिले आहे, याची दखल घेतली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई हे या पेट्यांचे मोठे केंद्र झाले आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्या झळकल्या. सुरतेचे कसब, इराणशी नाते, आफ्रिकेचा हस्तिदंत आणि म्हैसूरकडील चंदन यांतून तयार झालेली पेटी इंग्रजी घरात ‘बॉम्बे बॉक्स’ झाली. त्या काळी झांझिबारकडून येणाऱ्या हस्तिदंताची मुंबई ही प्रमुख पेठ होती. म्हणजे ज्या द्रव्याला आपण या कलेचे भारतीयपण समजतो, तेही पुष्कळ अंशी आयात केलेले होते. हा मुद्दा पुढे येणाऱ्या विषयासाठी ध्यानात ठेवावा लागेल.

महाप्रदर्शनानंतर भारतीय हस्तकलांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. यंत्राने बनवलेल्या वस्तूंच्या पुरात हाताचे काम वाचवावे, असे काही इंग्रज अधिकाऱ्यांना आणि कलाशिक्षकांना मनापासून वाटत होते. जॉन लॉकवुड किपलिंग हे १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले आणि १८७५ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेचे प्रमुख झाले. पंजाबातील होशियारपूरच्या कामाविषयी त्यांनी लिहिले. कलमदाने, हातकाठ्या, आरशांच्या चौकटी आणि आठकोनी बुटक्या चौक्या अशा वस्तूंवर शिसमात हस्तिदंत व पितळ बसवण्याची तेथे जुनी चाल होती. ही यादी पाहिली की हे काम मुळात घरगुती होते, हे समजते. लेखनिकाला कलमदान हवे होते, वृद्धाला काठी हवी होती. पुढे पाश्चात्त्य गिऱ्हाईक मिळाल्यावर होशियारपूरच्या वस्तू मोठ्या झाल्या आणि त्यांवरील नक्षीही दाट होत गेली.

याहून बोलके उदाहरण उत्तर प्रदेशातील मैनपुरीचे आहे. तेथे शिसमाच्या लाकडात पितळेची तार ठोकून नक्षी करतात. तिला ‘तारकशी’ म्हणतात. रेखाटलेल्या नक्षीवर बारीक पटाशीने चीर पाडायची, पितळेच्या पत्र्यातून कातरलेली चपटी तार उभी धरून लहान हातोडीने त्या चिरेत ठोकायची, ठिपक्यांच्या जागी तारेची वेटोळी बसवायची आणि शेवटी सारे घासून तेल द्यायचे. येथे सरसाची गरज नाही, लाकूडच तारेला आवळून धरते. ही कला प्रामुख्याने खडावांसाठी होती. चामडे अपवित्र मानणाऱ्या घरांत लाकडी खडावा वापरत, आणि त्या खडावांवर पितळेच्या वेली झळकत असत. एवढे सूक्ष्म काम पायांखाली जाई, यात त्या समाजाला काही वावगे वाटत नव्हते.

तुलसीदासाच्या ‘रामचरितमानसा’चे इंग्रजी भाषांतर करणारे एफ. एस. ग्राउझ हे या भागात मुलकी अधिकारी होते. त्यांनी या कामाचे मोल ओळखले, खडावांखेरीज इतर वस्तू घडवण्यास कारागिरांना उत्तेजन दिले आणि पुढे तारकशीवर लेखही लिहिला. त्यांच्या आस्थेविषयी आदरच वाटतो. मात्र परिणाम असा झाला की मैनपुरीच्या तारकशीचा इतिहास शोधू जाणाऱ्याला प्रथम ग्राउझ भेटतात, जसे होशियारपूरच्या वाटेवर किपलिंग भेटतात. ज्यांनी लिहिले ते स्मरणात राहिले. ज्यांनी ठोकले त्यांच्यापाशी लेखणी नव्हती, आणि लिहिणाऱ्यांनी त्यांची नावे टिपण्याची फारशी तसदी घेतली नाही.

दक्षिणेत म्हैसूर संस्थानाने या कलेला दीर्घ आश्रय दिला. श्रीरंगपट्टण येथे हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या समाधीला हस्तिदंत बसवलेले काळ्या लाकडाचे दरवाजे आहेत. ते लॉर्ड डलहौसी यांनी अर्पण केले, असे सांगतात. ज्या कंपनी सरकारशी लढताना टिपू पडला, त्याच सरकारच्या गव्हर्नर जनरलने त्याच्या समाधीला दरवाजे द्यावेत, हा इतिहासाचा एक चमत्कारिक प्रसंग आहे. म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये आगीत जळाला. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार बांधलेला नवा राजवाडा १९१२ मध्ये पुरा झाला. त्यातील अंबाविलास दालनाचा शिसवी दरवाजा हस्तिदंताच्या कामाने नटलेला आहे. मार्गदर्शक पुस्तिकांत राजाचे आणि वास्तुविशारदाचे नाव असते. दरवाजा पाहणारे थबकतात ते मात्र त्यावरच्या नक्षीपाशी.

म्हैसूरच्या कामात खचितकामाची मूळ शिस्त स्पष्ट दिसते. नक्षी कागदावर काढून तिचे सुटे भाग बारीक पात्याच्या करवतीने कापतात, ते शिसवी फळीवर ठेवून भोवताली रेघ मारतात, रेघेच्या आतले लाकूड पटाशीने काढतात आणि भाग बसवून पृष्ठभाग समतल करतात. मग डोळे, पिसे, वस्त्रांच्या चुण्या असे तपशील कोरून त्यांत काळा रंग भरतात. नक्षी काढणारा, कापणारा, बसवणारा आणि झिलई देणारा असे कामाचे वाटे असल्याने एकाच फळीवर अनेकांचे हात फिरतात.

स्वातंत्र्यानंतर या कारागिरांसमोरचा आश्रयदाता बदलला. संस्थाने गेली, गोरे ग्राहक गेले. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याच्या अध्यक्षा या नात्याने देशभरच्या कारागिरांची दखल घेतली. १९६५ पासून कुशल कारागिरांना राष्ट्रीय पुरस्कार देण्यास आरंभ झाला. पुरस्काराच्या रकमेपेक्षा त्यामागील तत्त्व अधिक मोलाचे होते. राज्यसंस्थेने कारागिराचे स्वतःचे नाव आता नियमाने लिहून ठेवायला सुरुवात केली.

तथापि याच काळात या कलेच्या सर्वांत प्रतिष्ठित द्रव्यावर गदा आली, आणि ती योग्यच होती. हस्तिदंतासाठी होणाऱ्या हत्तींच्या संहाराकडे जग डोळेझाक करू शकत नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा निर्णय झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने भारतात आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. ज्या पेट्या आणि खुर्च्या पाहून आपण मुग्ध होतो, त्यांच्या मागे केवढी प्राणिहत्या होती, हे या कायद्यांनी आपल्याला विसरू दिले नाही. सौंदर्याच्या इतिहासात ही बाजूही लिहिली गेली पाहिजे.

हस्तिदंत गेल्यावर ही कला संपेल, असे भाकीत करणे सोपे होते. ते पुरते खरे ठरले नाही. होशियारपूरने पांढऱ्या प्लॅस्टिकचा आधार घेतला. म्हैसूरच्या कारागिरांनी लाकडातच रंग शोधले. फणसाचा पिवळा, शिसवीचा जांभळट काळा आणि इतर लाकडांचे फिके, तांबूस, करडे रंग जुळवून त्यांनी देवदेवता, हत्ती आणि खेड्यांची दृश्ये उभी केली. हत्तीच्या दाताऐवजी आता फळीवर हत्तीचे चित्र आले. या लाकडी चित्रांत कधीकधी कॅलेंडरचा गोडवा उतरतो, हे खरे. प्लॅस्टिकला हस्तिदंताची अंतर्गत झळाळी नाही, हेही खरे. परंतु खाच तीच आहे, करवत तीच आहे आणि कडेला फट दिसू नये हा आग्रहही तोच आहे. सादेलीच्या बाबतीत मात्र चित्र चिंताजनक आहे. ते काम करणारे हात फारच थोडे उरले आहेत. द्रव्याला पर्याय सापडतो, वर्षानुवर्षे घडलेल्या हाताला तो सापडत नाही.

पुढे लाकडाचाही प्रश्न आला. शिसवी आणि शिसम ज्या ‘डाल्बर्जिया’ वंशात मोडतात, त्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी २०१७ पासून निर्बंध लागू झाले. २०२२ मध्ये तयार वस्तूंच्या निर्यातीचे नियम काहीसे सुकर करण्यात आले. तरीही जुने, रुंद, गडद लाकूड पूर्वीसारखे मिळत नाही. आधी हस्तिदंत, मग शिसवी, असे एकेक द्रव्य कारागिराच्या हातून निसटत आहे. अशा वेळी ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ आपण कशात शोधणार, हा प्रश्न टाळता येत नाही. द्रव्यात शोधला तर ही कला संग्रहालयात बंद झाली असे म्हणावे लागेल. कसबात शोधला तर ती अद्याप चालू आहे.

भौगोलिक उपदर्शनाच्या कायद्याखाली म्हैसूरच्या शिसवी खचितकामाची नोंद २००५-०६ मध्ये झाली आणि मैनपुरीच्या तारकशीची २०२३ मध्ये. नकली मालापासून संरक्षण मिळावे, म्हणून ही नोंद आवश्यकच आहे. पण तिचे स्वरूपही जुन्या नामकरणाच्या जवळचे आहे. बंदराच्या जागी जिल्हा आला, तरी नोंदले गेले ते गावाचे नाव. गावाला मान मिळाल्याने कारागिराला त्याचा वाटा आपोआप मिळतोच असे नाही. राष्ट्रीय पुरस्कारांनी काही मोजक्या नावांना प्रकाशात आणले. विक्रीच्या प्रत्येक वस्तूवर तिच्या कर्त्याचे नाव असावे, एवढी साधी गोष्ट अजून आपल्या बाजारात रुळलेली नाही. पुस्तकावर लेखकाचे नाव नसेल तर आपण अस्वस्थ होतो. पेटीवर, चौरंगावर, दरवाजावर ते नसते याची आपल्याला सवय झाली आहे.

ही सवय मोडणे अभ्यासकांच्याही हाती आहे. जुन्या वस्तूंच्या कर्त्यांची नावे आता सापडण्याची आशा थोडी आहे. वखारींचे हिशेब, चर्चची खर्चवही, संस्थानी दप्तरे यांतून कधी एखादे नाव हाती लागेलही. मात्र जे आज काम करीत आहेत, त्यांची नावे, त्यांच्या हत्यारांची नावे, खाच आणि चीर यांचे प्रकार, लाकूड पारखण्याचे त्यांचे शब्द कानडीत, हिंदीत, पंजाबीत, गुजरातीत आणि तेलुगूत अजून बोलले जातात. ते टिपून ठेवणे हे भाषेचेही काम आहे आणि इतिहासाचेही. शब्दकोशात ‘खचित’ या शब्दापुढे दोन अर्थ शेजारी शेजारी छापलेले असतात. वस्तूत बसवलेल्या तुकड्याविषयी जेवढी खात्री आपल्याला आहे, तेवढीच ती बसवणाऱ्या माणसाविषयीही असावी. राणी शार्लटच्या खुर्च्यांच्या बाबतीत तशी संधी निघून गेली. मैनपुरीत आज ठोकल्या जाणाऱ्या तारेच्या बाबतीत ती अद्याप आहे.